हस्तांदोलनाचं तिकीट

मालिकेत थनवा आणि फाक हे दोघे नट एकमेकांच्या प्रेमात पडतात, म्हणून बँकॉकच्या मॉलमध्ये चाहत्यांपुढेही त्यांनी जोडप्यासारखंच वागायचं, असा कंपनीचा नियम. स्टेजवर फाक त्याला आंबा-भात भरवतो, पोरी किंचाळतात, आणि फाकची प्रेयसी खाली गाडीत मोबाईल चाळत बसते.

थनवाचा खरा जोडीदार चेत. नूडल्सच्या गाडीवर दोघांचा फोटो कुणीतरी काढला आणि पोरींनी रडून गोंधळ घातला, की थनवाने फाकला फसवलं. मॅनेजर ओरताईने त्याला बोलावून घेतलं.

"पडद्यावर मुलावर प्रेम केलंस की डोक्यावर घेतात रे. खरोखर केलंस की जाहिराती जातात. चारचौघांत त्याच्यासोबत दिसायचं नाही."

"मग त्याचा हात धरायचा कुठे, ताई?"

"ते तुझं तू बघ."

आज चेत तिकीट काढून चाहत्यांच्या हस्तांदोलनाच्या रांगेत उभा राहिला. हात हातात आला, आणि दोघांनाही तो सोडवेना.

मागची पोरगी करवादली. तिने दोन्ही गालांवर इंद्रधनुष्य रंगवलं होतं.



"ओ दादा, सोडा की हात. तो फाकचा आहे."