बाबांचं पित्त

पहिल्याच बॉक्सिंग स्पर्धेत अठ्ठेचाळीस किलोच्या गटात बसायचं म्हणून दीप्ती तीन आठवडे काकडी आणि उकडलेल्या मुगावर काढत होती. नेमकं तेव्हाच बाबांचं पित्त वाढलं. डॉक्टरांनी मासे बंद केलेत म्हणाले, आणि त्या मालवणी घरात तीन आठवडे बांगडा शिरला नाही.

आज ती मुलुंडच्या क्लबमधून हसतच घरी आली.

"सरांनी माझं नाव एक्कावन्न किलोत घातलं. म्हणाले, नवीन आहेस, आहे त्या वजनात खेळ. उपाशी पोटी नुसता मार खाशील."

बाबांनी लगेच खुंटीवरची पिशवी काढली. "बांगडे आणतो. तळूया."

"आणि तुमचं पित्त?"

"ते तुझ्या सरांनी बरं केलं," चपला घालत बाबा म्हणाले.