उघड्यावरचं कुलूप

"कुलूप लावलं म्हणूनच येतोय ना तो धावत?" खुर्च्या पुसता पुसता धाकट्याने पुन्हा विचारलं.

ताई टेबल आवरत राहिली. सायकलच्या दुकानावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत आज पहिल्यांदाच कुणी सुटाबुटातला माणूस येणार होता. तोही साधासुधा नव्हे, तर लाँड्रीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा मालक.

भावाबहिणीची छोटी कंपनीही तेच करायची. कुणाचा शर्ट कुणाच्या घरी जाऊ नये, एवढंच सॉफ्टवेअरचं काम. सुरुवातीला खिशात दमडी नव्हती. तेव्हा ताईने जगभरच्या अनोळखी लोकांनी फुकट खुला ठेवलेला कोड उचलला, त्यावर आपलं काम रचलं आणि तेही तसंच खुलं ठेवलं. कुणीही न्यावं, वापरावं, सुधारावं. कमाई व्हायची ती बसवून देण्याची आणि देखभालीची.

"लोकांचं आयतं घ्यायचं आणि आपलं तेवढं पेटीत घालायचं? मला नाही जमायचं," ती म्हणायची.

"मग बस दुकानाची किल्ली दारालाच अडकवून!" धाकटा म्हणायचा. हिशेब तो बघायचा, त्यामुळे जीवही त्याचाच जळायचा.

खरं तर त्या उघड्या दारानेच त्यांना तारलं होतं. कुठून कुठून लोक चुका दुरुस्त करून पाठवायचे. 'मुंगी' नावाने लिहिणारा कुणीतरी तर भलताच चिवट. हजारो पांढऱ्या चादरी एकदम आल्या की यादी अडकते, अशी त्याने कुरकुर केली आणि आठवड्याभरात स्वतःच ते निस्तरूनही दिलं.

"एवढ्या चादरी धुतं कोण, बाबा?" म्हणत दोघं पोट धरून हसली होती.

पण मग मोठ्या कंपनीने त्यांची दोन गिऱ्हाइकं पळवली. तीही ताईच्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या अगदी तशाच सोयी दाखवून. धाकट्याचं डोकंच फिरलं. त्याने ताईच्या मागे इतका लकडा लावला की शेवटी तिने हात टेकले. सोमवारी त्यांच्या वेबसाइटवर नोटीस लागली, यापुढची आवृत्ती खुली नसेल. त्या दिवशी ताईला घास गिळवला नाही. आणि मंगळवारी मालकाचा फोन आला.

"कंपनी विकत घेणार बघ," धाकटा म्हणाला. "सुटलो आपण!"

"आणि माझं काम जाईल त्याच्या तिजोरीत."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मालक धापा टाकत आत आला, खुर्चीत बसला आणि पेलाभर पाणी एका दमात प्यायला.

"माणसं किती तुमच्याकडे?"

"आम्ही दोघं, आणि आणखी दोघी," ताई म्हणाली.

"बाप रे! एवढा सगळा डोलारा चौघांवर?"

"आमचं भागतं," ताई तुटकपणे म्हणाली.

मालकाने रुमालाने मान पुसली. "यापुढे हे बंद ठेवलंत तर काय होईल, कल्पना आहे तुम्हाला?"

ताईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. माझ्याच खोलीत येऊन मलाच दम देतो? धाकटा टेबलाखालून पाय दाबून तिला गप्प बसवत होता, पण आता ती कुणाची ऐकणार होती थोडीच!

"साहेब, स्पष्टच सांगते. कंपनी विकायची नाही. आणि ती नोटीस मी आजच काढतेय. तुम्ही खुशाल कोड न्या, आणखी गिऱ्हाइकं पळवा. पण माझं काम कुणाच्या पेटीत जाऊ देणार नाही. तुमच्याही नाही आणि माझ्याही नाही!"

धाकट्याने कपाळाला हात लावला. ताईला मात्र कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. होऊ दे काय व्हायचं ते.

मालक खुर्चीत पुढे सरकला. मग त्याने विचारलं, "नोटीस काढणार? नक्की?"

"नक्की."

"देव पावला!" तो खुर्चीत मागे रेलला. "मग देखभालीचा करार आत्ताच करून टाकू. आकडा तुम्ही सांगा, मी घासाघीस करणार नाही."

"कसली देखभाल?" ताई गोंधळली. "तुमचं सॉफ्टवेअर आम्ही कसं सांभाळणार?"

"आमचं कुठलं, मॅडम?" मालक खाली बघत म्हणाला. "आमचं आम्ही दोन वर्षांपूर्वीच बंद केलं. आमच्या नावाने प्रत्येक हॉस्पिटलाच्या लाँड्रीत हजारो पांढऱ्या चादरी सांभाळतंय, ते तुमचंच आहे."