शेंड्यावरची अळी

“बघा! औषध लागलं की अळी शेंड्यावर चढती अन् जागच्या जागी खलास!”

राजूरजवळच्या मंडपात कंपनीच्या माणसानं सोयाबीनचं झाड उंच धरलं. शेंड्याला मेलेली अळी घट्ट चिकटली होती. अंगभर पांढरी भुकटी. टाळ्या पडल्या.

द्वारकाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी तिच्या बांधाकडच्या ओळीतली चार झाडं कुणीतरी उपटून नेली होती, अन् हा बाबा त्यातलंच एक नाचवत होता! तिनं तर यंदा फवारा मारूच दिला नव्हता. गेल्या साली फवारता फवारता तिचा नवरा रामकिसन तोंडाला फेस येऊन पडला होता. दोन दिवस माणूस ओळखत नव्हता.

ती उभी राहिली. “साहेब, हे झाड माझं हाये. माझ्या रानात औषधाचा थेंब न्हाई पडला. ढगाळ हवेत अळीला बुरशी लागती. ती आत भिनली की अळीला खाली सावलीत बसू देत न्हाई. शेंड्यावर चढवती, तिथंच धरून मरायला लावती. मंग वरून भुकटी झडती अन् खालच्या अळ्यांना लागती. मी रोज पाहून राह्यले.”

“मावशी, शेजारचं औषध वाऱ्यानं आलं असंल.” मंडप खदखदा हसला.

“वाऱ्यानं? अन् शेजारी साहेबराव भाऊजींनी डबेच्या डबे ओतले, तिथलं एक झाड का न्हाई आणलं मंग? भाऊजी, सांगा की! तुमच्या अळ्या अजून पानं खाऊन राह्यल्या का न्हाई?”

साहेबरावानं कंपनीची नवी टोपी नीट केली अन् जमिनीकडं पाहिलं.

द्वारकाबाई कंपनीच्या माणसाकडं वळली. “गुरंढोरं चोरीला गेलेली ऐकल्ती बाई. मेलेली अळी चोरणारा आजच पाह्यला!”

आता कुणी हसलं नाही. कंपनीच्या माणसानं झाड टेबलाखाली सारलं. माणसं एकमेकांकडं बघू लागली. द्वारकाबाईला वाटलं, चला, कळलं एकदाचं सगळ्यांना.

तेवढ्यात मागून रामकिसन उठला. बायकोकडं न बघता पुढं गेला. टेबलावरची बाटली त्यानं उचलली.

“साहेब,” त्यानं विचारलं, “एका पंपाला किती झाकणं टाकायची?”