पट्टीवरचं नाव

पेंटरनं 'कृष्णात'मधल्या 'त'चा शेवटचा दांडा ओढला आणि कुंचला डब्याच्या काठावर आडवा ठेवला. लॉरीच्या काचेवरच्या हिरव्या लाकडी पट्टीवर पिवळं नाव उठून दिसत होतं.

रंगूबाईला वाचता येत नव्हतं. "समदं आलं न्हवं त्यात?" तिनं विचारलं.

"तीनच अक्षरं हायती, आये. समदी आली," आकाराम म्हणाला.

तिनं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, पुढच्या चाकाशी नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा आधी दुकानदाराच्या हातावर ठेवला. हरीभाऊंनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला. नाव आधी घालू, पूजा करू, कागदाचं मागाहून बघू, असं सकाळी तेच म्हणाले होते. सांगलीत लष्कराच्या जुन्या गाड्या विकणारं त्यांचं दुकान होतं, आणि आल्यागेल्याला ते चहा पाजल्याशिवाय सोडत नसत.

लढाई संपून वर्ष झालं होतं. आकाराम पलटणीत नाईक होता, मोटार चालवत ब्रह्मदेशात गेला आणि परत आला. धाकटा कृष्णात तिकडंच राहिला. त्याच्यापायी सरकारनं चारशे रुपये धाडले होते. तासगावहून सांगलीच्या पेठेत गूळ वाहायला गाडी घ्यायची ठरली, तेव्हा रंगूबाईनं ते चारशे बयाणा म्हणून पुढं केले. त्याचे पैसे पहिले पडले तर गाडी त्याची होईल, असं तिचं म्हणणं होतं. उरलेले सव्वीसशे आकारामच्या नोकरीतले. ते आज त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात होते.

हरीभाऊंनी खोबरं चावत एक कागद पुढं सरकवला. "तीन हजारांचा सौदा ठरला तो ठरला, नाईक. हे वरचं."

आकारामनं वाचलं. स्टेपनी आणि जॅक, एकशे ऐंशी. बॅटरी, पंचाण्णव. ताडपत्री कमानीसकट, एकशे चाळीस. नंबर आणि टॅक्स, दोनशे दहा. कागदपत्रं, पंचवीस. नाव रंगवणे, सव्वा रुपया. खाली बेरीज होती, सहाशे एक्कावन्न रुपये चार आणे.

"परवा बघितली तवा स्टेपनी गाडीवरच व्हती."

"होती ना. दाखवायला होती."

"आन् बॅटरी? बॅटरीबिगर गाडी चालंल व्हय?"

"सहा वर्षं तुम्ही मोटारी हाकल्यात. मी काय सांगणार तुम्हाला?" हरीभाऊ हसले. "आणि नंबर सांगली संस्थानचा आहे. तुमचं तासगाव खालसात, इंग्रज सरकारच्या मुलखात. तिकडं पळवायची तर नंबर नवा, टॅक्स निराळा. कागदावर सगळं लिहिलेलं आहे. सही तुमचीच."

सही त्याचीच होती. कागद इंग्रजीत होता. दोन दिवस खपून आकारामनं इंजिन उघडून पाहिलं होतं, गिअर तपासले होते, गाडीखाली उताणा पडून स्प्रिंगांची पानं मोजली होती. कागद मात्र वाचून घेतला नव्हता. पलटणीत कारकून बोट ठेवील तिथं सही करायची, हे हाताला सहा वर्षांचं वळण होतं. हरीभाऊंनीही असंच बोट ठेवलं होतं.

"मला गाडी नगं. बयाणा माघारी द्या."

"घेणारा मागं सरला तर बयाणा बुडतो. तेही लिहिलंय." हरीभाऊंनी आवाज उतरवला. "आजींनी नारळ फोडला, भावाचं नाव पडलं. आता ही इथं टाकून जाणार होय? बरं दिसतं का ते? महिनाभर थांबतो मी. तोवर गाडी आमच्या आवारात. जागेचं भाडं रोजचे दोन रुपये."

आकारामनं खिशावर हात ठेवला, तो तसाच राहिला. महिन्याचे साठ वर चढणार होते.

"म्हंजी कुठलं पैसं बुडत्यात रं?" रंगूबाई म्हणाली.

आकारामनं कागद हरीभाऊंकडं परत सरकवला.

"आपल्या कृष्णाचं?"

"व्हय."

तिनं पदरानं हातावरचं कुंकू पुसलं. "मग गाडी नगं. नाव तेवढं पुसून दे."

"राहू द्या आजी, आमचा माणूस पुसेल," हरीभाऊ म्हणाले.

"न्हाई. त्येला तुमी हात लावायचा न्हाई."

पेंटरनं मान वर न करता फडकं रॉकेलात बुडवून आकारामच्या हाती दिलं. "रंग ओला हाय तवर निघंल," तो हळूच म्हणाला.

आकाराम बंपरवर चढला. आधी 'त' गेला. मग 'ष्णा'. 'कृ' पुसताना फडकं हिरवं झालं. पट्टीचा हिरवा रंगही कच्चाच होता, काल-परवाचा. तोही निघून येऊ लागला, आणि खाली पांढरं काही दिसलं. आकारामनं आणखी दोनदा फडकं फिरवलं. मग त्याचा हात थांबला.

"निघंना व्हय?" खालून रंगूबाईनं विचारलं.

"निघालं. त्याच्याखाली दुसरं नाव हाय, ह्याच हातचं."

"कुणाचं?"

"अर्जुना."

रंगूबाईनं पेंटरकडं पाहिलं. तो डब्याचं झाकण दाबून बसवत होता. हरीभाऊ कागदाची घडी घालत दुकानात शिरले. चाकाशी नारळाचं पाणी अजून वाळलं नव्हतं.

"आसंल कुणाचा तरी ल्योक," ती म्हणाली. "त्येला नगं पुसूस."