टॉवर आधी कोणाला दिसला

"या वर्षी मीच," असं बजावून एनिडने बसमधली पहिली सीट पकडली आणि चष्मा पुसायला घेतला.

"दरवर्षी हेच म्हणतेस," मागच्या सीटवरून तिचा थोरला भाऊ क्लिफर्ड म्हणाला. "सत्तरी उलटली तुझी. आता तरी हट्ट सोड."

बर्नलीहून क्लबची सहलीची बस समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला निघाली की ज्याला तिथला उंच टॉवर आधी दिसेल, त्याला बाकीच्यांनी पेपरमिंटची गुलाबी कांडी घेऊन द्यायची. दोघांच्या लहानपणापासूनची ही रीत. एनिड एकदाही जिंकली नव्हती. क्लिफर्ड ती कांडी दिवसभर तिच्या नाकासमोर चोखत हिंडायचा. कवळी बसवल्यावरही त्यात खंड पडला नव्हता.

रस्त्याचं काम निघालं होतं, म्हणून ड्रायव्हरने बस दुसऱ्याच वाटेला घातली. गाणी थांबली. सगळे माना उंचावून बसले. एका पुलाच्या उंचवट्यावर बस धाडकन उसळली आणि क्लिफर्ड गरजला, "तो बघा टॉवर!"

सगळे उठले. समोर गाई चरत होत्या.

"क्लिफ, तुझ्या टॉवरला शेपटी आहे रे," मागून कोणीतरी म्हणालं. बसभर हशा पिकला.

एनिडही हसत मागे वळली. क्लिफर्डची नजर गाईंवर नव्हती, कशावरच नव्हती.

"नेहमीचा पूल नव्हता का हा?" त्याने हळूच विचारलं.

सकाळी बसमध्ये चढताना त्याने तिचा दंड घट्ट धरला होता. गुडघा दुखतोय, म्हणाला होता.

ती पुन्हा पुढे वळली. दूर, चर्चच्या छपराच्या बाजूला, आभाळात टाचणी खोचल्यासारखं काहीतरी उभं होतं. गप्प बसावं, असं तिला क्षणभर वाटलं. फार तर अर्धा क्षण.

"टॉवर!" ती इतक्या जोरात ओरडली की ड्रायव्हर दचकला. मग त्यानेच हॉर्न वाजवला. मागे टाळ्या, शिट्ट्या, सीटांवर थापा.

त्या गलक्यात क्लिफर्डने पुढे वाकून विचारलं, "वर झेंडा आहे?"

"आहे ना. छान फडकतोय."

"इतक्या लांबून झेंडा मलासुद्धा कधी दिसला नाही, वेडे." त्याचा हात तिच्या खांद्यावर आला. "माझ्या नाकासमोरच चोख हं दिवसभर. वास तरी येऊ दे."