नऊ ओले लंगोट

"लघवी नऊ वेळा," तिने कागदावर बोट फिरवत पुन्हा मोजलं. "दूध पाच वेळा. शी एकदाही नाही."

निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेली चार दिवसांची ठमी गाढ झोपली होती. त्या उजेडात तिचा रंग कळत नसे. पाजायला बाहेर काढलं की ती लेकीला खिडकीशी न्यायची, कपाळ बोटाने दाबायची आणि बोट उचलायची. खाली पिवळंच.

डॉक्टर सकाळी सगळं समजावून गेले होते. बाळाच्या जुन्या रक्तपेशी मोडतात. त्यातलं लोह शरीर ठेवून घेतं, नवं रक्त करायला. उरतो तो हा पिवळा रंग. तो शीवाटे जायला हवा. शी अडली, तर आतडं तोही परत रक्तात ओढून घेतं. सकाळी रक्तातल्या काविळीचा आकडा अठरा होता. "चारला पुन्हा रक्त घेऊ. वाढला असेल तर मोठ्या रुग्णालयात हलवायचं. रक्त बदलावं लागेल."

"भलतंच काटकसरी दिसतंय हे शरीर," सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "कचरासुद्धा परत घरात." कुणी हसलं नव्हतं. त्यासुद्धा नाही.

आता दोन वाजून गेले होते.

"झोपू दे गं तिला," सासूबाई म्हणाल्या. "किती टिचक्या मारशील तळपायांना? लाल झाले बघ."

"आई, ती झोपतेय तेच तर वाईट आहे."

"आमच्या वेळी झोपणाऱ्या बाळाला गुणाचं म्हणायचे."

ती कागदाकडेच बघत होती. पाच वेळा पाजलं, तेही दोन-दोन मिनिटं चोखून पोरगी पेंगलेली. पोटात जेमतेम चार घोट उतरतायत, मग नऊ लंगोट भिजतात कसे?

तिने मान वर केली. सासूबाई आधीच घडी घातलेल्या लंगोटांच्या पुन्हा घड्या घालत होत्या. त्यांच्यामागे कपाटावर थर्मास, झाकण ठेवलेला पेला, पेल्यावर छोटा चमचा.

"हा चमचा कशाला, आई?"

"असतो एखादा. असू दे."

तिने तो उचलला. "ओला आहे."

दिव्याचा पंखा घरघरत राहिला. सासूबाईंच्या हातातला लंगोट अर्ध्या घडीवर थांबला.

"पाणी आहे," त्या म्हणाल्या. "उकळून गार केलेलं. बाधण्यासारखं काही नाही त्यात."

"किती दिलंत?"

"तू आंघोळीला गेलीस, तुझा डोळा लागला, तेव्हा तेव्हा. चार चमचे. कधी पाच. तो रंग आतच राहतो म्हणाले ना? म्हटलं, धुऊन निघेल."

तिला ओरडायचं होतं. पण आवाज निघाला तो अगदी खालून.

"तिची भूक मेली, आई. आणि मी दोन दिवस समजतेय, माझ्याच दुधात काही नाही."

सासूबाई बसल्या जागी आक्रसल्या. तिने घंटी दाबली.

सिस्टर आली, कागद बघितला, चमचा बघितला. "पाणी कुणी पाजलं?"

सासूबाईंनी तोंड उघडलं.

"आम्ही," ती म्हणाली.

सिस्टरने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "पाण्याने लघवी होते हो. हा रंग जास्त करून शीतून जातो, आणि शी व्हायला दूध पोटात जावं लागतं. आता पाण्याचा थेंब नाही. दुपटं काढा, उघडी करा, उठवा आणि पाजा. अंगावरून सुटली की पुन्हा पाजा. चारला सुई घेऊन येते."

दुपटं निघालं. ठमीने एक जांभई दिली आणि परत झोपली. या वेळी सासूबाईच पुढे झाल्या. ओल्या फडक्याने त्यांनी तिचे तळवे पुसले, कानाच्या पाळ्या चोळल्या. "ऊठ गं भवाने. ऊठ. आजीवर रुसायचं ते मागाहून रूस. आधी गिळ."

तीन वाजता ठमीने तोंड उघडलं आणि घट्ट धरलं. पहिल्यांदाच गिळल्याचा आवाज ऐकू आला. सासूबाई ओठांतल्या ओठांत घोट मोजत होत्या. चाळीसनंतर चुकल्या आणि पुन्हा एकपासून सुरू झाल्या. साडेतीनला दुसऱ्या बाजूने. लंगोट उघडून पाहिला. कोरडा. पावणेचारला परत पाहिला. काही नाही.

"आणखी थोडी उशिरा आली तर चालेल सिस्टर," सासूबाई पुटपुटल्या.

सिस्टर चारला दोन मिनिटं कमी असतानाच आली. "आजी, तुम्ही धरा. टाच माझ्याकडे."

सासूबाईंनी उघड्या ठमीला मांडीवर घेतलं, एक तळवा तिच्या ढुंगणाखाली. सुई टोचली. ठमी लालबुंद झाली आणि किंचाळली. कालचं ते मांजरासारखं कुईकुई नव्हे, भिंतीपलीकडे जाईल असं. पाय पोटाशी आले. काचेच्या नळीत रक्ताचा धागा चढत होता. आणि खाली सासूबाईंच्या तळव्यावर ऊन ऊन काहीतरी फुटलं, बोटांच्या फटींतून मांडीवर उतरलं, थांबलं, पुन्हा आलं.

सासूबाई हलल्या नाहीत. सुई अजून टाचेत होती.

"घ्या," सिस्टर म्हणाली. "हळदीसारखी पिवळी. चांगली आहे." तिने टाचेवर कापूस दाबला, नळी टोपण लावून उचलली. "पण आकडा तो आकडा. अर्धा तास लागेल. आजी, बेसिन त्या कोपऱ्यात. धुवा हात."

सिस्टरमागे दार बंद झालं. तिने ठमीला उचलून पुसलं, छातीशी धरलं. ठमी रडता रडताच दूध शोधू लागली.

"आई, हात धुऊन या ना."

"धुते," सासूबाई म्हणाल्या. "आधी आकडा येऊ दे."

आणि दाराकडे बघत तो पिवळा तळवा वर धरून त्या तशाच बसून राहिल्या; कुणी येऊन विचारलंच, तर लगेच दाखवता यावा म्हणून.