कोपराची जागा

अमरनाथच्या पत्राला केदारनाथ पेंटरनं अजून उत्तर दिलं नव्हतं. इंजिनच्या कामाला जीप पाटोद्यात केदारनाथच्या गॅरेजात सोडून अमरनाथ पुण्याला गेला, आणि मागोमाग पत्र आलं. मला जीप जुनीच हवी आहे, रंगाला हात लावू नका, असं त्यात होतं; पण तोवर नवा रंग चढला होता.

केदारनाथनं पुन्हा जीपच्या दारावर पॉलिश पेपर फिरवला. मिठाचं पाणी झालं, चहाचा चोथा झाला, डब्यातली गंजाची पूडही चोळून झाली. गंज आला, पण कालचा वाटत होता.

जीप अमरनाथच्या वडिलांची. आबा उजवा कोपर दारावर टाकून चालवायचे. तिथला रंग झिजून पत्रा गुळगुळीत झाला होता. आबा गेले. आता त्या जागेवर हात ठेवायला पोरगा नारायणगडच्या जत्रेला येणार होता.

चहावाला बंकट कप घेऊन आला. "मागल्या महिन्यात नवरीवानी चमकत होती की बे. पदरचा हिरवा रंग घातलतास. पोराला पटला न्हाई व्हय?"

"पुण्यात टूम हाय," केदारनाथ खाली बघत म्हणाला. "चांगल्या गाडीला मुद्दाम गंज लावून घेतात. मासिकात फोटो होता."

"पैसे देऊन?"

"नव्या रंगाहून जास्त."

"मग माझी टपरी धाड पुण्याला."

केदारनाथ हसला नाही. तो जीपमध्ये बसला. आबा उंच होते, म्हणून खाली पोतं घेतलं आणि कोपरानं दार घासू लागला. कातडं सोललं. डाग जरा मागंच पडत होता. त्यानं पोतं भिरकावलं, मग उतरून परत आणलं.

"जेवायला चला," त्याची बायको नीलाबाई घराच्या दारातून म्हणाली. "आन त्या लेकराला दोन ओळी कावून लिवत न्हाईत? लई वाट बघत आसंल."

"काय लिहू?"

"झालं म्हणा."

"झालं न्हाई."

चार दिवसांनी त्यानं बंकटला स्टिअरिंगवर बसवलं. बंकटचा कोपर आपसूक दारावरच्या डागावर गेला.

"आबाच बसल्यावानी वाटतंय," तो म्हणाला.

केदारनाथनं हात धुतले आणि कार्ड लिहायला घेतलं.

'चि. अमरनाथ, इंजिन झालं. जत्रेला ये. पत्रात बजावलं होतंस, त्याप्रमाणे रंगाला हात लावलेला नाही. आबांच्या कोपराची जागा होती तशीच आहे.'

कार्ड त्यानं स्वतः पेटीत टाकलं.